लेकीसाठी मानाचं संस्कृत नाव कसं निवडावं: मराठवाड्यातल्या नव्या आईबाबांसाठी

मुलगी झाल्याचा निरोप गेला, की पाचवी पुजायच्या आधीच घरातल्या मोबाइलवर नावांच्या याद्या येऊन पडायला लागतात. मामाची एक, मावशीची एक, शेजारच्या ताईंची एक. त्यांतून 'मान', 'आदर', 'कीर्ती' अशा अर्थाचं नाव शोधणारे आईबाप आपल्याकडे आता बरेच भेटतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात 'नकोशी', 'नकुसा' अशी नावं असलेल्या दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. अशा राज्यात एखादा बाप म्हणतो, की माझ्या लेकीच्या नावातच मान पाहिजे, तेव्हा त्याच्या हाती खरं आणि नेमकं नाव पडायला हवं.

अडचण अशी, की फिरत्या याद्यांमधले पुष्कळ अर्थ अंदाजाने ठोकलेले असतात. मी शाळेत संस्कृत शिकवते, त्यामुळे बारसं जवळ आलं की ओळखीपाळखीचे लोक नाव घेऊन विचारायला येतात. त्यांना मी जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते.

१. मान कुणाचा, ते आधी ठरवा

'मानाचं नाव' म्हणताना आपल्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात. या पोरीला मान मिळावा, ही एक. हिने घराण्याचा मान राखावा, ही दुसरी. याद्यांमध्ये दोन्ही एकाच रांगेत बसवलेल्या असतात. माझं मत विचाराल तर नाव पहिल्या प्रकारचंच ठेवा. घरादाराची अब्रू सांभाळायचं ओझं आपल्या मुलींवर तसंही फार लवकर पडतं. जोरात हसू नको, उंबऱ्यात उभी राहू नको, मोठ्यांसमोर बोलू नको. पाळण्यातल्या नावातून त्यात भर कशाला? म्हणून 'मर्यादा', 'लज्जा', 'शालीना', 'कुलभूषणा' ही नावं कुणी समोर ठेवली, तर मी थांबायला सांगते. मर्यादा म्हणजे हद्द, सीमा. लेकीला हाक मारताना रोज हद्दीची आठवण कशाला करून द्यायची?

आता एक कागद घ्या आणि त्यावर ही चार वाक्यं लिहा:

आमच्या लेकीला मान मिळालेला आहे.
आमची लेक मानाला पात्र आहे.
आमच्या लेकीकडे तिचा स्वतःचा मान आहे.
आमची लेक दुसऱ्याला मान देते.

आईने आणि बाबांनी वेगवेगळं बसून आपापल्या वाक्यापुढे खूण करायची. आजीलाही विचारा, तिचं उत्तर बहुतेक वेळा सगळ्यांत ठाम असतं. हे एवढं झालं की पन्नास नावांची यादी आपोआप दहावर येते, कारण संस्कृतात या चारही वाक्यांसाठी शब्दाचे शेवट वेगळे आहेत.

२. शब्दाचा शेवट वाचायला शिका

'-ता' किंवा '-इता' या शेवटाची बरीच नावं 'जिला मिळालं आहे ती' असं सांगतात. मानिता म्हणजे जिचा मान केला गेला ती. अर्चिता, पूजिता, वंदिता यांचंही तसंच. आदृता म्हणजे जिचा आदर झाला आहे ती, आणि विश्रुता म्हणजे जिचं नाव सगळीकडे ऐकू येतं ती. याच गटातलं माझं सर्वांत आवडतं नाव महिता. 'मह्' या धातूचा अर्थ मान देणं, थोर मानणं. त्यापासून महिता, म्हणजे सन्मानित. तीन अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, आजीच्या तोंडी सहज बसतं. तरीही वर्गात या नावाच्या दोघी क्वचितच सापडतील.

'-या' हा शेवट पात्रता सांगतो. मान्या म्हणजे मान द्यावा अशी, वंद्या म्हणजे वंदन करावं अशी, श्लाघ्या म्हणजे स्तुतीला योग्य. मान्या सध्या शहरांत आणि गावांतही भरपूर ऐकू येतं, तेवढी तयारी ठेवा. श्लाघ्याचा अर्थ उत्तम असला तरी उच्चार अवघड आहे; पोरीला आयुष्यभर समजावत बसावं लागेल. याच अर्थाचं छोटं नाव हवं असेल तर अर्हा बघा. 'अर्ह्' म्हणजे पात्र असणं. बौद्ध आणि जैन परंपरांत अर्हत, अरिहंत हे शब्द याच धातूतून आले आहेत, त्यामुळे या घरांत अर्हा लगेच आपलंसं वाटतं.

'-इनी', '-वती', '-मती' हे शेवट 'जिच्याकडे आहे ती' असं सांगतात. यशस्विनी, यशोवती, यशोमती. यशोमती हे सम्राट हर्षवर्धनाच्या आईचं नाव होतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: आज मराठीत यश म्हणजे परीक्षेत, धंद्यात मिळालेला विजय, पण संस्कृतातलं 'यशस्' म्हणजे मुख्यतः कीर्ती, नावलौकिक. म्हणून मानाचं नाव शोधताना 'यश'वाली नावं बाजूला टाकू नका.

मानिनी याच गटातलं, आणि त्याच्यावर घरात वाद होतो म्हणून जरा थांबून सांगते. संस्कृत काव्यात मानिनी म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रियकरावर रुसून बसलेली नायिका. एखादे काका ते वाचलेले असतात आणि बारशाच्या आदल्या दिवशी शंका काढतात. पण मराठीत मानिनी म्हणजे स्वाभिमानी स्त्री, हाच अर्थ रुजला आहे. शब्दाची घडणही तेच सांगते: मान जिच्यापाशी आहे ती. तिसऱ्या वाक्यावर खूण केली असेल, तर हे नाव बिनधास्त ठेवा.

'-दा' म्हणजे देणारी. यशोदा म्हणजे दुसऱ्याला यश देणारी. कीर्तिदा हे पुराणपरंपरेत राधेच्या आईचं नाव. यशोधरा म्हणजे यश धारण करणारी. सिद्धार्थ गौतमाच्या पत्नीचं हे नाव मराठवाड्यातल्या आंबेडकरी घरांत प्रेमाने ठेवलं जातं. यशोदा हे नाव मात्र जुनं म्हणून मागे पडलंय. मला त्याची हळहळ वाटते. गावाकडं त्याची 'येसू' होते, तीही किती गोड आहे.

काही नावं यांपैकी कुठल्याच गटात बसत नाहीत, कारण ती मानाच्या भावनेचीच नावं आहेत. कीर्ती, प्रतिष्ठा, पूजा, अर्चना ही ओळखीची. कमी ओळखीची हवी असतील तर अमरकोशाची एक ओळ कामाला येते: तिथे पूजा, नमस्या, अपचिति, सपर्या, अर्चा आणि अर्हणा हे सहा शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिले आहेत, आणि सहाही स्त्रीलिंगी आहेत. अपचिति सोडून द्या, त्याचा दुसरा अर्थ ऱ्हास असाही होतो. सपर्या, नमस्या आणि अर्हणा ही तिन्ही नावं म्हणून सुंदर आहेत. सपर्या म्हणजे आदराने केलेली पूजा, सेवा.

भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातला चौतिसावा श्लोकही जरूर वाचा. स्त्रियांमध्ये मी कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा आहे, असं श्रीकृष्ण तिथे सांगतात. सात नावं एका श्लोकात, आणि त्यांत कीर्ती पहिली. जुळ्या मुली झाल्या तर कीर्ती आणि मेधा, किंवा कीर्ती आणि धृती, ही जोडी शोधायला लांब जावं लागणार नाही.

प्रतिष्ठाबद्दल आपल्या भागाच्या जिव्हाळ्याने सांगते. पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. 'प्रति' आणि 'स्था' मिळून झालेला हा शब्द: घट्ट उभं राहणं, पाय रोवणं. मान हा त्याचा पुढचा अर्थ. गोदाकाठच्या घरात जन्मलेल्या मुलीला यापेक्षा जवळचं नाव कुठलं?

३. फसवी नावं बाजूला काढा

याद्यांमध्ये 'सन्मान' असा अर्थ चिकटवलेली ही काही नावं. नावं वाईट आहेत असं अजिबात नाही; ठेवायची तर खरा अर्थ माहीत करून ठेवा.

मानसी हे मनाशी, मानसाशी नातं सांगणारं नाव आहे, मानाशी नाही. नमिता म्हणजे वाकलेली, नमवलेली. जिला सगळे नमस्कार करतात ती वंदिता. सन्मिता हे खरं तर 'सम्मिता', म्हणजे मोजलेली, सारख्या मापाची. त्यात सन्मान ऐकू येतो एवढंच. गौरी गौर वर्णावरून आली, गौरव 'गुरु' म्हणजे वजनदार या शब्दावरून; दोघांचा संबंध नाही. अस्मिता मराठीत स्वाभिमानाच्या अर्थाने चालतं आणि त्या अर्थाने ते छानच आहे, पण पतंजलींच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक, म्हणजे 'मी'पणा. योगाचे वर्ग घेणारं कुणी घरात असेल तर ते हे बोलून दाखवणारच.

गरिमा आणि महिमा यांचं प्रकरण वेगळं. अर्थ बरोबर आहेत: भारदस्तपणा आणि थोरवी. पण संस्कृतात दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत, आणि मराठीतही आपण 'नामाचा महिमा' म्हणतो. नावं म्हणून ती मुलींचीच झाली आहेत, तेव्हा आवडत असतील तर खुशाल ठेवा.

खात्री कशी करायची? मोबाइलवरच्या यादीतला अर्थ दुसऱ्या यादीत पडताळून उपयोग नाही, त्या एकमेकींवरूनच उतरवलेल्या असतात. संस्कृत शब्दकोश उघडा. वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा कोश इंटरनेटवर फुकट शोधता येतो. शब्द सापडला नाही तर शेवटचं '-ता', '-या', '-इनी' काढून मूळ शोधा. तेही जमलं नाही तर जवळच्या शाळेतल्या संस्कृतच्या सरांना, बाईंना विचारा. या कामाला कुणी नाही म्हणत नाही. कोशात मूळच सापडत नसेल तर ते नाव संस्कृत नाही, एवढं धरून चला.

४. नावरस अक्षर बघणार असाल तर

बघायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पुष्कळ घरांत बघत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही. बघणार असाल तर गुरुजी जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढून देतात. मघा नक्षत्राला मा, मी, मू, मे येतात, तिथे मान्या, मानिनी, मानिता बसतात. कृत्तिकेच्या पहिल्या चरणाला अ. अर्हा, अर्चिता, आदृता, आर्या. ज्येष्ठेच्या दुसऱ्या चरणाला या; यशोदा, यशोधरा, यशस्विनी. मृगाच्या चौथ्या चरणाला की, म्हणजे थेट कीर्ती. धनिष्ठेला गा, गरिमा. रोहिणीला वा आणि वी, वंदिता, विश्रुता. हस्ताला पू; पूजिता.

पण अक्षर ङ, ण किंवा ठ आलं तर? तेव्हा ओढूनताणून नाव बनवू नका. पत्रिकेपुरतं नावरस नाव वेगळं आणि हाकेचं, कागदावरचं नाव वेगळं, ही सोय आपल्याकडे पहिल्यापासून आहे. पाळण्यात पाच नावं ठेवतात ती काय उगाच?

५. बारशाआधी हाक मारून बघा

दोन-तीन नावं पक्की झाली की अंगणात उभं राहून, मागच्या दारी कुणी आहे असं समजून, मोठ्याने हाक मारा. मराठवाड्यात नाव आहे तसं फार दिवस राहत नाही. कीर्तीची 'कीर्ते' होणार, अर्चनाची 'अर्चे', यशस्विनीची 'यशू'. जे रूप घरात पडणार आहे ते ऐकायला बरं वाटतं का, ते आताच बघा. आजी-आजोबांना नाव तीनदा म्हणायला लावा. 'प्रतिष्ठा'ची 'परतिष्टा' झाली तरी आजी ती मायेने म्हणणार असेल तर अडचण नाही. पण नाव उच्चारताच येत नाही म्हणून आजी पोरीला नुसतं 'बाळी' म्हणत राहिली, तर निवडलेल्या अर्थाचं काय झालं?

नाव आत्याला आधी नीट सांगून ठेवा. बारशाला बायका बाळाला पाळण्याखालून-वरून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत देतात, मग आत्या वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते आणि तिच्या पाठीवर धपाटे पडतात. त्या गलक्यात आत्याने 'आदृता'चं 'आद्रिका' केलं, की घुगऱ्या खात खात तेच नाव गल्लीभर जातं. आद्रिका म्हणून जे ऐकू येतं त्याचं संस्कृत रूप 'अद्रिका', आणि ते पर्वतावरून आलं आहे. तेव्हा आत्याच्या हातात नाव लिहिलेली चिठ्ठी द्या.

६. लिहून बघा, आईच्या नावासकट

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर नावाचा क्रम ठरला आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. म्हणून नाव एकटं लिहून बघू नका, चारही शब्द एका ओळीत लिहा. आईचं नाव राजेश्वरी आणि बाबांचं ज्ञानेश्वर असेल, तर पुढे यशस्विनी जोडल्यावर ओळ फार लांबते. तिथे महिता किंवा अर्हा शोभेल. आईचं नाव कागदावर आलं याचा मला विशेष अभिमान वाटतो. पैठणच्या सातवाहन राजांनी आपल्या नावात आईचं नाव लावलं होतं, गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आपल्या मातीत ही रीत दोन हजार वर्षांची आहे.

देवनागरी लेखन एकच ठरवा. संस्कृतात 'कीर्ति' असा ऱ्हस्व शेवट आहे, मराठीच्या नियमाप्रमाणे आपण 'कीर्ती' लिहितो. पहिली वेलांटी दोन्हीकडे दीर्घच. 'किर्ती' ही चूक आहे आणि ती पाट्यांपासून पत्रिकांपर्यंत सगळीकडे दिसते. 'ऋ' असलेल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग विचार करून ठरवा. 'आदृता' आपण 'आद्रुता'सारखं म्हणतो, हिंदी बोलणारे 'आद्रिता' म्हणतात. पुढे हैदराबादला किंवा दिल्लीला शिकायला गेली तर हाच प्रश्न रोज येईल. यू वापरायचा की आय, ते घरात एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

७. नोंद करताना

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यायची असते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती दवाखाना कळवतो, घरी झालं असेल तर कुटुंबाने कळवायची. नाव ठरलं नाही म्हणून नोंद अडवून ठेवू नका. नावाचा रकाना रिकामा ठेवून जन्माची नोंद होते. नाव नंतर घालता येतं, पहिल्या बारा महिन्यांत त्याला शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जन्माचीच नोंद राहिली आणि वर्ष उलटलं, तर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदार यादी अशा कामांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागतो. म्हणजे दाखल्यावर जे नाव चढेल तेच पुढे सगळीकडे जाणार.

आता आपल्याकडे सगळ्यांत जास्त अडतं ती गोष्ट. नोंद होते ती जन्म झाला त्या ठिकाणी, तुम्ही राहता त्या गावी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. लेक राहते जालन्याला आणि बाळ झालं उदगीरला, तर नोंद उदगीरला. हे निदान सोपं आहे, आजोबा तिथंच असतात. बीड, धाराशिव, परभणीकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. तिथे कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, किंवा तिथल्या दवाखान्यात पोरगी झाली, तर तिची नोंद तिथल्या ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे. पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, गावाकडं परतल्यावर कळतं, की दाखला शंभर कोस लांब आहे. म्हणून टोळीत कुणी बाळंतीण असेल तर मुकादमाला आधीच सांगून ठेवा, आणि तळ हलवायच्या आत दाखला हातात घ्या. बारसं गावी आल्यावर करायचं असलं तरी नाव तिथंच ठरवलं, तर तो दुसरा हेलपाटा वाचतो. दाखला कर्नाटकातला असेल तर तो तिथल्या भाषेत आणि इंग्रजीत येईल. इंग्रजी स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेलंत तर टाइप करणाऱ्याला ते ऐकून अंदाजाने लिहावं लागणार नाही.

दाखला मिळाला की खिडकी सोडायच्या आधी तिथंच उभं राहून वाचा: मुलीचं नाव, आईचं नाव, बाबांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, लिंग. वेलांटी आणि काना बोट ठेवून बघा. 'महिता'चं 'माहिता' झालं असेल तर तिथल्या तिथं सांगा आणि दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या. मग दोन झेरॉक्स काढा, एक माहेरी आणि एक सासरी ठेवा. मूळ दाखल्याचा मोबाइलवर फोटो काढून आत्यालाही पाठवा.